ओले शिंपले

बाईंनी सुरीचं टोक फटीत घालून मनगट फिरवलं आणि अकरावं कालव उघडलं. आत मांस नव्हतंच म्हणायचं. थोडं राखाडी पाणी आणि एक पातळ चिंधी. प्रयोगशाळेतून आलेल्या या बाई फारसं बोलत नसत. त्यांनी ते बादलीत टाकलं आणि बारावं उचललं.

ओहोटीनं उघड्या पडलेल्या भिंतीवर ती त्यांच्यामागे उभी होती. भिंत तिचीच; खाडी साफ करायच्या प्रकल्पावर ती नोकरीला होती. शिंपल्यांनी भरलेली चौदाशे जाळीदार पोती रचून गेल्या वर्षी तिनं ती खाडीच्या तोंडाशी उभारली होती. शिंपल्यांवर कालवांची पिल्लं धरली, पाणी गाळू लागली, आणि वर्षानुवर्षं गढूळ असलेल्या खाडीचा तळ दिसायला लागला. खेकडे परतले. धक्क्यावरून येणारे-जाणारे वाकून वाकून बघायचे, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता निम्मी भिंत मेली होती.

"रंगानं झालं असणार," मामा म्हणाला. तो गुडघाभर चिखलात होडीला टेकून उभा होता. "महिन्यापूर्वी होडीचं बूड रंगवलं मी. इथंच, भिंतीला लागून. विषारीच असतो तो रंग. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!"

बाईंनी वही काढली. "तसं असेल तर मला लिहावं लागेल. मग तुमची होडी खाडीत राहू देणार नाहीत."

"लिहा की. चूक ती चूक."

मामा चाळीस वर्षं या खाडीत खेकडे धरत होता. आई गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं, याच होडीच्या जिवावर. तोंड उघडायची हीच वेळ होती. बाई बादली उचलून वर गाडीकडे गेल्या, तरी ती तशीच उभी.

मामानं होडीतले खेकड्यांचे पिंजरे एकेक करून काढायला घेतले.

"मामा, राहू दे ना ते."

"आज ना उद्या काढायचेच आहेत."

"रंगानं नाही झालं हे." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शिंपले कमी पडले होते. भिंतीच्या उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. हॉटेलांकडून आलेला एक ढीग होता, पण तो तीन आठवड्यांचाच. शिंपले सहा महिने उन्हात वाळवायचे, नाहीतर चिकटलेल्या मांसाबरोबर रोग पाण्यात जातो, हे मीच सगळ्यांना शिकवते. आणि मीच जुन्या ढिगातली तारखेची पाटी उपटली नि त्या ओल्या ढिगात खोचली. शेवटची दोनशे पोती त्यातली."

बोलता बोलता तिला स्वतःची किळस आली. मामाचे हात मात्र थांबले नाहीत.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटची पोती पाण्यात कुणी उतरवली? मीच ना? वास मारत होती. उभा जन्म इथं गेला, मला कळणार नाही होय?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

मामानं पिंजरा खाली ठेवला. "तू इतकी खुशीत होतीस त्या दिवशी, ठके. आई गेल्यापासून तुला तसं हसताना पाहिलंच नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, दोनशे पोत्यांनी काय होतंय!" त्यानं मेलेल्या भिंतीकडे पाहिलं नाही. "म्हणून सांगितलं बाईंना, माझी चूक. खोटं कुठं बोललो?"

ती चढण चढून गाडीपाशी गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. पाटीचंही. बाईंनी मघाचं पान फाडलं.

"पलीकडच्या जुन्या कालवांना लागण व्हायच्या आत ती पोती उचलायला हवीत. उद्याच," त्या म्हणाल्या. "तुमची नोकरी जाईल, माहीत आहे ना?"

"हो."

"आणखी कुणाला ठाऊक होतं हे?"

खाली मामा कमरेवर हात ठेवून वर बघत होता.

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

बाईंनी तसं लिहून घेतलं.