तिसऱ्या गावचा कार्यक्रम

“बाजारपेठ, एक,” असं म्हणत त्या बाई दोन पिशव्यांसकट आत चढल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. बाकांच्या जागी पलंग होता. पलंगावर फुलाफुलांची चादर, वरच्या दांडीवर वाळत घातलेला टॉवेल, खिडकीखाली गॅसची शेगडी आणि शेगडीशेजारी ताटं-वाट्यांचा स्टँड. बाई खाली उतरून पाटी बघून आल्या. पाटी नव्हतीच.

“या, बसा,” पलंगावर मटार सोलत बसलेली मास्तर म्हणाली. “तुमचं नाही चुकलं. आमच्या पायलटचं चुकलं.”

खरंच होतं ते. गाडी पिवळी रंगवली होती, खिडक्यांना पडदे होते, पण अंगापिंडाने ती बसच होती. आणि ती थांब्याच्या खांबाला लागून, रांगेतल्या पहिल्या माणसासमोर बरोबर दार येईल अशी उभी राहिली होती. दुसरा कोणी असता तर त्याला ते इतकं नेमकं जमलंही नसतं.

“अहो, थांबा दिसला की थांबलंच पाहिजे का?” मास्तरने पुढे बघत विचारलं.

“मी कुठे थांबलो? पाय थांबला.”

“आता त्या पायाला सांगा, आपण रिटायर झालोय.”

पण बाई चढल्याच होत्या, तर त्यांना उतरवून कसं द्यायचं? बाजारपेठ वाटेवरच होती. बाई पलंगाच्या काठावर अवघडून बसल्या आणि उतरेपर्यंत त्यांनीही मूठभर मटार सोलून दिले.

ड्रायव्हरला पायलट आणि कंडक्टरला मास्तर म्हणायची डेपोतली जुनी रीत. हे दोघं एकाच बसवर ड्यूटीला. आधी तिने त्याच्या गाडीत तिकिटं फाडली, मग त्याच्याशी लग्न केलं, आणि घरातही तो पायलट आणि ती मास्तरच राहिली. त्यांची बस भंगारात निघाली तेव्हा पायलटला चैन पडेना. ती त्याने मागून घेतली, अंगणात आणून उभी केली आणि हातोडी घेऊन तिच्या मागे लागला. शेजारी हसायचे. “घर गाडीत घालताय की गाडी घरात?” म्हणायचे. पायलटने पलंग ठोकला, मोरी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली. फक्त दोन गोष्टींना हात लावला नाही. एक म्हणजे दोरीची घंटा. मास्तरने दोन टोले दिल्याशिवाय त्याच्याच्याने गिअर पडत नसे. दुसरं म्हणजे इंजिन. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्याशीच असतं, बॉनेटखाली. ते सुरू झालं की डोक्यावरची घंटा आणि कानाशी येऊन ओरडलेलं सोडलं, तर शेजारी तोफ उडाली तरी पायलटला पत्ता लागत नसे. नवरा-बायकोची निम्मी भांडणं त्याच्यामुळेच टळली, असं मास्तर म्हणायची.

आणि आता ही सुट्टी. उन्हाळ्याचा ऐन महिना, तीन गावं, तीन मोकळ्या मैदानांवरचे तीन कार्यक्रम. कारण त्यांची लेक तिथे वाजवणार होती.

लेक चेलो वाजवते. व्हायोलिनची थोरली बहीण म्हणावी असं ते वाद्य, गुडघ्यांत धरून वाजवायचं. लहानपणी ते तिच्याहून उंच होतं, म्हणून पायलटने त्याचं नाव ‘कपाट’ ठेवलं होतं. शाळा सुटली की ती कपाट घेऊन त्यांच्याच बसमध्ये चढायची आणि मास्तर भर गर्दीत कपाटाचं अर्धं तिकीट फाडायची. नियम म्हणजे नियम. पण कार्यक्रम नेहमी संध्याकाळी, आणि संध्याकाळ म्हणजे गर्दीची वेळ. लेक विचारायची, “बाबा, याल?” आणि पायलट म्हणायचा, “ड्यूटी आहे गं.” पुढे तिने विचारणं सोडलं. ती मोठी झाली, चौघांच्या चमूत वाजवू लागली, गावोगाव जाऊ लागली. पायलटने तिला मंचावर वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं. ही गोष्ट त्याला रिटायर झाल्या दिवसापासून टोचत होती, आणि तिने या वर्षी आपणहून फोन करून “तीन कार्यक्रम आहेत, एकाला तरी या,” म्हटल्यावर तो दोन रात्री झोपला नाही. “एकाला कशाला? तिन्हींना येतो,” असं त्याने ठणकावून सांगितलं.

पहिल्या गावाला ते वरातीमागून घोडं तसे पोचले. पायलटचा पाय थांब्याथांब्यावर थांबत गेला, माणसं चढत-उतरत गेली, आणि मैदानाच्या फाटकाशी गाडी लागली तेव्हा लोक सतरंज्या झटकून घरी निघाले होते. लेक निळ्या साडीत समोर उभी होती. नुसती हसली. तिने आईच्या हातचा मटारभात दोनदा मागून घेतला आणि पलंगाचं, मोरीचं, पडद्यांचं कौतुक करत गाडीभर हिंडली. “बाबा, हे सगळं तुम्ही केलंत?” असं तिने तीनदा विचारलं. पायलट फुगून टम्म झाला, पण मनातून त्याला फार लागलं.

दुसऱ्या गावाला ते पहाटेच जाऊन पोचले. तळ्याकाठी गाडी लावली, दाराला ताडपत्री बांधून मांडव केला, चहा बॉनेटवर ठेवून गरम राखला. तळ्यावर कार्यक्रमाला आलेले बाकीचेही तंबू ठोकून होते, पोरं पाण्यात डुंबत होती, आणि पायलट इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपासूनच तयार होता. दुपार कलली आणि पावसासकट वारा सुटला. पहिल्या झटक्याला ताडपत्री उडाली. ती थेट तळ्यात जाऊन पडली आणि तिच्या मागे मास्तरची एक चप्पलही गेली. मंचाचं छत कलंडलं. कार्यक्रम रद्द. शेजारच्या तंबूतली सगळी माणसं भिजून गाडीत आली, पलंगावर दाटीवाटीने बसली, आणि मास्तरने भांडं भरून चहा टाकला. हशा, किस्से, पत्ते, काय विचारू नका. पायलटलाही मजा आली, नाही असं नाही. पण मधूनच तो काच पुसून मैदानाकडे बघत होता.

“अजून एक आहे,” मास्तर म्हणाली.

“एकच आहे,” पायलट म्हणाला.

त्यानंतर चमू समुद्रापार जाणार होता, दोन वर्षांच्या करारावर. हे लेकीने तळ्याकाठीच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी निघताना मास्तरने त्याला शपथ घातली. “आज एकही थांबा घ्यायचा नाही. डेपोचा साहेब उभा असला तरी नाही.”

“नाही म्हणजे नाही.”

आणि पायलटने शब्द पाळला. थांबे येत होते, जात होते. प्रत्येक वेळी त्याचा पाय चुळबुळत होता आणि तो स्वतःलाच मोठ्याने ओरडून सांगत होता, “पुढे चल, पुढे चल.” मास्तर मागे पोट धरून हसत होती. तो गाणं म्हणू लागला, तेही बेसूर. इतका खूश माणूस तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग आभाळ फाटलं. भर संध्याकाळी काळोख झाला, रस्त्यावर झाडांच्या फांद्या येऊन पडू लागल्या. पुढच्या थांब्याला छप्परच नव्हतं. खांबाला धरून पाच-सात माणसं उभी होती. एक म्हातारं जोडपं, कडेवर लेकरू घेतलेली बाई, डोक्यावर पिशव्या धरलेले दोघं. अशा हवेत बस येणार नव्हती, हे पायलटला आणि मास्तरला ठाऊक होतं. त्या माणसांना मात्र ठाऊक नव्हतं. पायलटने दात आवळले आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी थांब्याच्या पुढे गेली.

घंटा वाजली. एकच टोला. थांबा.

पायलटने ब्रेक लावला आणि मागे वळून बघितलं. मास्तर दोरी धरून उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. दार उघडून तिने हाक मारली, “या, लवकर चढा. पायरी जपून.”

मग काय, एकदा धरण फुटलं ते फुटलंच. पुढचा प्रत्येक थांबा घेतला. निम्मी माणसं त्याच कार्यक्रमाला निघालेली, बाकीची घरी. पलंग, मोरी, बॉनेट, सगळीकडे माणसं. मास्तर गर्दीतून वाट काढत सगळ्यांना टॉवेल पुरवत होती आणि सवयीने म्हणत होती, “पुढे सरका, मागे जागा द्या.” म्हातारीने तिला विचारलं, “बाई, तिकीट?” मास्तर म्हणाली, “आज पास.”

गावात शिरले तेव्हा सगळं गाव अंधारात होतं. वीज गेलेली. मैदानात गुडघाभर पाणी, त्यात लोकांच्या मोटारी रुतून बसलेल्या. कार्यक्रम रस्त्याकडेच्या धान्याच्या रिकाम्या गोदामात हलवला होता. आत लोक खुर्च्या टाकून बसले होते, हातांत मोबाइलचे मिणमिणते दिवे. वाजवणारे चौघं एका फळ्यांच्या चौथऱ्यावर बसले होते, पण त्यांना पुढ्यातले कागद दिसत नव्हते. अजून काहीच सुरू झालं नव्हतं.

“उशीर झाला नाही,” पायलट म्हणाला. “मास्तर, आपल्याला उशीर झाला नाही.”

आयोजक भिजलेल्या शर्टाने धावत आला. ओल्या चिखलातून एकही मोटार निघत नव्हती आणि डांबरी रस्त्यावर, गोदामाच्या मोठ्या दारासमोर, फक्त हीच गाडी होती. “दादा, तुमचे दिवे आत टाकता का? नाहीतर घरी पाठवावं लागेल सगळ्यांना.”

पायलटने गाडी वळवून दारासमोर आणली. दोन मोठे दिवे गोदामभर पसरले आणि लोकांच्या डोक्यांवरून थेट चौथऱ्यावर जाऊन पडले. आत टाळ्या झाल्या. लेक पावसातच बाहेर पळत आली आणि पायरीवर चढून त्याच्या कानाशी ओरडली.

“बाबा, आलात.”

“आलो ना. म्हटलं होतं.”

“पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्यात. चला, सुरू करतोय.” आणि ती पळालीसुद्धा.

पायलटने शर्ट झटकला, केसांवरून हात फिरवला आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरला. जुन्या बॅटरीवर नुसते दिवे टिकले नसते. तो चार पावलं गेला असेल. इंजिनात पाणी गेलं होतं. ते ठसकलं, दिवे पिवळे पडले, चौथऱ्यावर अंधार झाला. तो धावत परत आला आणि पेडलवर पाय ठेवला. उजेड परत आला.

“मी धरते पाय,” मास्तर त्याच्या कानाशी ओरडली. “तुम्ही जा.”

ती बसली. तिने दाबलं तर इंजिन डरकाळी फोडायचं, सोडलं तर गुदमरायचं. दारापर्यंत गेलेला पायलट पुन्हा वळून आला. चढलेल्या माणसांतल्या एका तरुणानेही करून बघितलं. त्याच्याकडून गाडी बंदच पडली. पायलटने ती चालू केली आणि तो सीटवर बसून राहिला. समोरच्या काचेतून चौथरा दिसत होता. लेकीने चेलो गुडघ्यांत घेतला होता.

“तू जा, मास्तर.”

“मी नाही जायची. दोघं आलोय, दोघं इथे बसू.”

“एकाने तरी ऐकायला नको का? ती बघेल समोर. दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसतील तिला.”

मास्तरने पदराने त्याचा ओला चेहरा पुसला आणि उतरून गेली. दिव्यांच्या झोतातून ती खुर्च्यांमधून पुढे पुढे जाताना त्याला दिसली. ती पहिल्या रांगेत बसली आणि शेजारच्या खुर्चीवर तिने हात पसरून ठेवला, कोणी येऊन बसू नये म्हणून.

चौघांनी मान डोलावली आणि सुरू केलं.

इंजिन धडधडत होतं, टपावर पाऊस कोसळत होता. पायलटला एक सूर ऐकू आला नाही. वाईट वाटलं त्याला, फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छाती भरून आली होती, हेही तितकंच खरं. त्याने पाय हलू दिला नाही. लेकीचा हात जात होता, येत होता. कधी सावकाश, कधी इतका भराभर की तोही स्टिअरिंगवर पुढे वाकायचा. एकदा तिने डोळे मिटले आणि मान एका बाजूला टेकवली. लहानपणी ती बसच्या खिडकीशी तशी झोपायची, पण आत्ता झोपली नव्हती. तिचा उजवा हात फार हळू चालला होता, आणि गोदामातली सगळी माणसं जागच्या जागी थिजून बसली होती. इथे काहीतरी फार सुंदर चाललंय, एवढं त्याला कळलं.

मग हात थांबला. क्षणभर कोणीच हललं नाही. नंतर सगळे उठून उभे राहिले आणि शेकडो तळहात आवाज न करता एकमेकांवर आपटू लागले. मास्तर पदर डोळ्यांना लावून बसूनच राहिली होती.

लेक उभी राहिली. तिने आईकडे बघितलं, आईशेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग कपाळावर आडवा हात धरून ती सरळ दिव्यांकडे बघू लागली. उजेडापलीकडचं तिला काहीही दिसणं शक्य नव्हतं.

समोरून ओळखीची गाडी आली की ड्रायव्हर करतात तसं पायलटने दिवे मिचकावून एकदाच डिपर दिला.

तिने हात खाली घेतला आणि वाकून नमस्कार केला. मग ती पुन्हा चेलो घेऊन बसली. पुढचं सुरू होणार होतं. पायलटने पाय नीट सावरून पेडलवर ठेवला.