साल्सावरचा आळ

नवऱ्यामागोमाग एउसेबिओच्या ताकेरियात, म्हणजे टाकोच्या दुकानात, पाऊल टाकताना शुभदाची मान वर होत नव्हती. याच दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, तिने त्या मेक्सिकन माणसाला फाडफाड बोलून घेतलं होतं, की तुझ्या जहाल साल्सानेच माझ्या नवऱ्याच्या तोंडाची वाट लावली.

तिचा नवरा शरदचंद्र जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात केमिस्ट. शनिवारचं जेवण त्यांचं इथेच व्हायचं. वसंतात जिभेच्या कडेला फोड आला. शुभदाने लगेच निदान करून टाकलं, उष्णता! नणंद शैलाताईंनी पुण्याहून गुलकंद धाडला, सब्जा धाडला. “हाउसआर्ट्स्टला दाखवू का?” असं शरदचंद्रांनी एकदा विचारलंही होतं. “तोंड आलं म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का? आधी ते तिखट बंद करा,” ती म्हणाली. आणि रसायनशास्त्र कोळून प्यालेला हा माणूस मुकाट्याने गुलकंद चाटत बसला. आता याला काय म्हणावं?

गुलकंद संपला, फोड राहिला. बर्फ पडायला लागलं तेव्हा कळलं की कॅन्सर आहे. वेळेवर आला असतात तर छोट्या शस्त्रक्रियेत भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता उद्या सकाळी अर्धी जीभ जाणार होती. पुढे बोलणं कितपत येईल, कुणी सांगेना. त्या दिवसापासून शुभदाचा जीव एकाच वाक्यासाठी टांगणीला लागला होता. ‘तुझी चूक नाही’, एवढंच नवऱ्याने म्हणावं. बोलता येतंय तोवर म्हणावं.

एउसेबिओने तिच्याकडे चोरून बघत ताटल्या ठेवल्या. शरदचंद्रांपुढे अननस घातलेल्या डुकराच्या मांसाचे टाको, तिच्यापुढे तोर्ता, म्हणजे पावात भरलेला राजमा आणि चीज. साल्सा त्याने आणलाच नव्हता.

“हिरवा साल्सा आण,” शरदचंद्र म्हणाले.

तो घुटमळला. शेवटी शुभदाच उठली, काउंटरवरची वाटी उचलून आणली आणि आपल्या हाताने टाकोवर साल्सा घातला. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. जखमेवर तिखट पडलं होतं. तरी ते थांबले नाहीत.

“चव मात्र तीच आहे,” ते म्हणाले.

ताटली चाटूनपुसून झाल्यावर ते काउंटरपाशी गेले आणि जड जिभेने, एकेक जर्मन शब्द जुळवत बोलले, “हे बघ, एउसेबिओ, मला कॅन्सर आहे. तुझ्या साल्साचा काही दोष नाही. बायको बोलली ते चूक होतं.”

एउसेबिओने हात पुसले आणि त्यांना मिठी मारली. शुभदाच्या हातात तोर्ता तसाच होता. ते परत आले, बसले. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून ती वाट बघत राहिली.

“संपव,” ते म्हणाले. “पाव गार होतोय.”

ट्रामच्या थांब्यावर तिला राहवलं नाही. “अहो, त्याला सांगितलंत. मग माझं काय? माझ्यावर राग आहे का तुमचा?”

ते तिच्याकडे वळले.

“आहे,” ते म्हणाले. इतर शब्द अडखळत होते, हा मात्र स्वच्छ उमटला.

ट्राम आली. ते आधी चढले आणि नेहमीसारखी खिडकीची जागा तिच्यासाठी सोडून बसले.