सपाट दगडापुढे राजकारण नाही

दाजींच्या दुकानात हवामानाचं यंत्र नाही, साबणाचा फेस आहे. हवा दमट असली की गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस दाढी संपेपर्यंत ओलाच राहतो. हवा कोरडी झाली की डावा गाल होईपर्यंत उजव्यावर पापुद्रा धरतो. गेले कित्येक आठवडे फेस नुसता ओघळत होता. आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, शेवटच्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे पोस्टमास्तरांच्या गालावर तो दाजींच्या डोळ्यांदेखत वाळून पांढरा झाला. दाजींचा हात थांबला.

"काय झालं?" पोस्टमास्तरांनी ओठ न हलवता विचारलं.

"काही नाही. वारा फिरला."

पोस्टमास्तरांना वाटलं, न्हावी निवडणुकीबद्दल बोलतोय. ते खूश झाले आणि जाताना चहाला वरचे पैसे ठेवून गेले. दाजींनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. गळ्यावर वस्तरा असताना माणसाशी राजकारण बोलायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम होता. दिवसभर दहा जणांची दहा मतं ऐकायची, सगळ्यांना "खरं आहे" म्हणायचं आणि स्वतःचं मत मूग गिळून पोटात ठेवायचं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात बरंच काही साचलेलं असायचं.

पण आज पोटात राजकारण नव्हतं. आज पोटात सासू होती.

सासू म्हणजे गावाबाहेरच्या कड्यावरचं एक दगडी छप्पर. सरळ उभी भिंत चढून गेलं की वर दगडाचं छत पुढे आलंय, चांगलं दोन हात, आणि त्याच्या कडेला एक बाकदार नाक. तिथवर सगळे जातात. तिथून ती सगळ्यांना खाली लोटते, कारण न सांगता, म्हणून तिचं नाव सासू. दाजी तरुणपणापासून कडे चढत आले होते, पण सासूने त्यांना कधी घरात घेतलं नव्हतं. आता पासष्टी उलटली होती. बोटांचे सांधे सुजायला लागले होते आणि या थंडीत शर्टाची वरची गुंडी लावायला बायकोला हाक मारावी लागली होती. पुढच्या वर्षी सासू तिथेच असणार होती. बोटं अशी राहणार नाहीत, हे दाजींना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना रात्रभर झोप येईना. कोरडा वारा, कोरडा दगड, हाताला घाम नाही. असा दिवस हंगामात एखादाच मिळतो आणि तो उद्या होता.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बायको कूस बदलत म्हणाली. "मत न देता घरी आलात तर दार उघडणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

"संध्याकाळी देतो ना. मी आणि तुझा भाऊ, नेहमीसारखे."

तिचा भाऊ म्हणजे खुंटा. हे नाव त्याला दाजींनीच दिलं होतं आणि त्याने दिलेलं दाजी हे नाव साऱ्या गावाने उचललं होतं. बस चालवून निवृत्त झालेला, ठेंगणा, रुंद. खाली उभा राहून दोर धरायला याच्यासारखा माणूस नाही. वरचा माणूस पडला तरी हा जागचा हलत नाही. मतांच्या बाबतीतही तसाच. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. यंदा नगराध्यक्षपदाला एक सिमेंटचा व्यापारी आणि एक शाळेतल्या बाई उभ्या होत्या. खुंटा सिमेंटचा आणि दाजी बाईंचे.

इतकी वर्षं दोघं मतदानाला जोडीनेच जात. एकाचं मत दुसऱ्याचं मत खोडून काढतं, तर जाता तरी कशाला, असं बायको विचारायची. "तो जाईल म्हणून," असं दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून सांगायचे.

आणि कड्यावर जातानाचाही नियम होता. गाडी लावल्यापासून वाटेतल्या सपाट दगडापर्यंत हवं तेवढं राजकारण. दाजींच्या पोटातलं सगळं त्या चढावर बाहेर पडायचं. खुंटाही काही कमी नव्हता. पण सपाट दगडावर पिशव्या टेकल्या की विषय बंद. तिथून पुढे फक्त दोर. बांधून झालं की एकाने दुसऱ्याची गाठ ओढून पाहायची आणि "ओढली" म्हणायचं, मगच पाय दगडाला लावायचा.

दुसऱ्या दिवशी दव वाळेपर्यंत थांबून दोघं निघाले. वारा असा सुटला होता की दाजी म्हातारपण विसरून खुंट्याच्या पुढे चालत होते. हवामान खात्याने पाऊस सांगितला होता.

"हवामान खातं आणि तुझा सिमेंटवाला," दाजी वळून म्हणाले, "दोघंही 'शक्यता आहे' म्हणतात आणि घरी जाऊन झोपतात."

"तुमच्या बाई तर तेही म्हणत नाहीत. त्या फक्त हजेरी घेतात."

दाजी हसले. फार मजेत चाललं होतं. सपाट दगड आला, पिशव्या टेकल्या, खुंट्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि दाजींना त्याच्या बोटावरची शाई दिसली.

"हे काय?"

खुंट्याने हात मागे घेतला. चोराच्या मनात चांदणं. "सकाळी दूध आणायला गेलो होतो. शाळेसमोर रांग नव्हती. म्हटलं, उरकून टाकू."

"दूध आणायला गेलास आणि माझा उमेदवार पाडून आलास."

"अहो, संध्याकाळी जाऊ ना आपण. मी येतो सोबत."

"आणि उशीर झाला तर? तुझं पेटीत, माझं हवेत?"

"उशीर होऊ नये असं वाटत असेल तर भांडत बसू नका."

सपाट दगड मागे पडला, पण विषय बंद झाला नाही. पहिल्यांदाच. दाजी कड्याच्या पायथ्याशी बसून कंबरेचा पट्टा आवळत बोलत राहिले. दोर घेतला, त्याला आठाचा वेढा घातला, टोक पट्ट्यातून ओढलं. आता ते टोक त्याच आठाच्या मागोमाग उलटं फिरवून आणायचं, की गाठ पुरी होते. तेवढ्यात खुंटा म्हणाला, "तुमच्या बाई पाच वर्षं फळा पुसतील, दुसरं काय."

दाजींचे हात सुटले. फळ्यावर निदान काही लिहिलेलं असतं, तुझ्या सिमेंटवाल्याला सही तरी येते का, वगैरे बरंच बोलून ते तडक उठले आणि भिंतीला भिडले. खुंटा रागाने दुसरीकडे पाहत होता. त्याने दोर हातात घेतला, पण गाठ ओढली नाही. "ओढली" हा शब्द त्या दिवशी कुणी म्हटलाच नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चार हात वर गेल्यावर राग उतरला, कारण दगड इतका छान होता. बोट ठेवलं की बोट तिथेच. बुटाचा रबर चिकटत होता. दाजी दगडात ठोकलेल्या एकेका लोखंडी कडीला दोर अडकवत वर गेले आणि त्यांना हसू यायला लागलं. दिवसभर दुकानात माणसं त्यांना सांगतात, हा येईल, तो पडेल, लाट आहे, हवा आहे. इथे कुणाची हवा नव्हती, फक्त खरी हवा होती. दगड भाषण ऐकत नाही आणि आश्वासनही देत नाही. पकड असते किंवा नसते. सुजलेल्या सांध्यांनाही आज जोर आला होता. आपण म्हातारे आहोत ही बातमी बहुतेक खाली पिशवीतच राहिली, असं त्यांना वाटलं.

छपराखाली पोचल्यावर ते थांबले. इथे नेहमी दोरावर बसून दम घ्यायचा. "पकड" अशी हाक द्यायची, खालून खुंटा दोर ताठ करतो, मग हात सोडून मागे रेलायचं. हाक द्यायच्या आधी हात गाठीवर जातो, ती जुनी सवय. हात गेला. बोटांना दोराचं मोकळं टोक लागलं. दाजींनी मान वाकवून पाहिलं. वेढा होता, पण गाठ नव्हती. अंग टाकलं असतं तर दोर पट्ट्यातून सळकन निघून गेला असता.

पायाखालची वाळू सरकायला पायाखाली वाळूसुद्धा नव्हती. डावा हात कपारीत होता. उजव्या हाताने त्यांनी कंबरेच्या पट्ट्याला जोडलेली आखूड पट्टी ओढून घेतली आणि तिचा आकडा समोरच्या कडीत अडकवायला गेले. आकडा दोनदा कडीवर आपटला. तिसऱ्यांदा अडकला. दाजींनी पट्टीवर हळूहळू भार टाकला आणि मग श्वास घेतला.

"खुंट्या."

"काय?" आवाज अजून फुगलेलाच होता.

"माझी गाठ अर्धीच आहे."

मग खुंट्याचा आवाज आला, पण तो खुंट्याचा वाटत नव्हता. "दाजी, हलू नका. हात सोडू नका. मी आलो."

"कुठे येतोस? अडकवलंय मी स्वतःला. थांब."

त्यांनी टोक आठामागून फिरवलं, एकेक वेढा तोंडाने मोजत, शाळेतल्या पोरासारखं. ओढलं, पुन्हा ओढलं. मग पट्टीवर झुकून कंबर बाहेरच्या बाजूला वळवली, खालून गाठ दिसावी म्हणून. "बघ."

खुंटा भिंतीपासून मागे सरकला, डोळ्यांवर हात धरून त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दिसली," तो म्हणाला. "दाजी, मी आज ओढली नाही. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"बांधली मी नव्हती, तू कशाला रडतोस?"

"उतरा आता. पुरे झालं."

दाजींनी बोटांकडे पाहिलं. कोरडी होती. छपराकडे पाहिलं. सूर्य कलला होता आणि सासूच्या नाकावर ऊन पडलं होतं. भीती वाटत होतीच, पण तिच्याखाली जुना आनंद उकळत होता आणि तो मोठा होता.

"खुंट्या, धर. मी निघालो."

खुंटा काहीतरी पुटपुटला. पण दोर ताठ झाला आणि खाली पाय घट्ट रोवल्याचा आवाज आला.

त्यांनी पट्टी काढली. छपराच्या आतल्या कपारीत डावा हात, मग लांब, अगदी लांब, उजवा हात नाकावर. पाय सुटले आणि ते लोंबकळले. इथेच सगळे हाताने वर ओढायला जातात आणि पडतात. दाजी आजवर तसेच पडले होते. या वेळी त्यांनी गुडघ्याच्या नावाने शिव्या घालत टाच उचलली, ती हाताच्या शेजारी नाकावर नेऊन ठेवली आणि टाचेवर भार घेतला. गुडघा करकरला. बोटं पेटली. एक बोट सोलवटलं. खालून खुंटा ओरडत होता, "टाच, दाजी, टाच सोडू नका," आणि दाजी मनात सासूला सांगत होते, बाई गं, आज जावई दारात आलाय. छाती कडेवर आली, कोपर आलं, मग पोट, मग ते दगडावर उताणे पडले होते आणि वर नुसतं आभाळ होतं. ते मोठमोठ्याने हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खाली खुंटा नाचत होता. दोर हातातून न सोडता जेवढं नाचता येतं तेवढं. मग तो एकदम थांबला.

"दाजी, मतदान."

"राहू दे. आज एवढं झालं, बास."

"राहू दे कसं? असं फुकट जिंकलेलं मला पचायचं नाही. उतरा लवकर."

आयुष्यभर बस चालवताना ज्याने वेगाची मर्यादा कधी ओलांडली नव्हती, त्या खुंट्याने त्या संध्याकाळी गाडी अशी हाणली की दाजींना छपरापेक्षा जास्त भीती तिथे वाटली. आपल्याच उमेदवाराविरुद्धचं मत वेळेत पोचवायला तो समोरच्या प्रत्येक गाडीला भोंगा मारत होता. शाळेचं फाटक लावता लावता शिपाई थांबला. दाजींच्या अंगावर पकडीसाठी हाताला चोळलेल्या खडूची पांढरी पूड होती, पट्टा अजून कमरेलाच होता. रांगेत कुणी नव्हतं.

आत त्यांना मतपत्रिका मिळाली. आडोशाला जाऊन त्यांनी शिक्का उचलायला हात पुढे केला आणि हाताने ऐकलं नाही. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकून आखडली होती. शिक्का टेबलावरून घरंगळला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा पडला.

"आजोबा," मतदान अधिकारी बाई लांबून म्हणाल्या, "हाताला त्रास आहे का? घरचं कुणी असेल तर मदतीला घेता येतं."

दाजींनी दाराकडे पाहिलं. दारात खुंटा उभा होता. घरचा तोच होता.

खुंटा आडोशाला आला. कागदावर दोन चित्रं होती आणि शिक्का त्याच्या हातात होता. आत बघणारं कुणी नव्हतं. त्याने शिक्का शाईवर दाबला, एकदा सिमेंटवाल्याच्या चित्राकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि शाळेतल्या बाईंच्या चित्रावर नीट मधोमध उमटवला. मग कागद दाजींच्या डोळ्यांसमोर धरला.

"घ्या, ओढून बघा."

दुसरा एखादा माणूस म्हणाला असता, तुझ्यावर विश्वास आहे, बघायला कशाला हवं. दाजींनी मनगटाने चष्मा वर सरकवला आणि शिक्का नीट पाहिला. चौकटीच्या आत आहे का, पसरलाय का, सगळं पाहिलं.

"ओढली," ते म्हणाले.

खुंट्याने घडी घालून कागद पेटीत टाकला.