मामाचा आवाज, एको वगळून

आमच्या घरात प्रत्येक वस्तू दोनदा येते. एकदा दुकानातून, आणि दुसऱ्यांदा रविवारी, विद्याधरमामा तिला बघून 'हं' म्हणाला की. फ्रिज, बाबांची स्कूटर, हॉलमधला पंखा, सगळे या 'हं'मधून पास झालेत. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. पार्ल्याला राहतो, बँकेतून लवकर निवृत्त झाला आणि आता कराओके ग्रुपमध्ये पूर्णवेळ गायक आहे. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत तर तो आमचं सुप्रीम कोर्टच.

माझे स्पीकर आले तेव्हा आईने खोकं फेकूच दिलं नाही.

"दादा येऊ दे. तो हो म्हणाला तर ठेवू, नाहीतर तेव्हाच रिटर्न टाकू. सोमवारी मुदत संपते."

स्पीकर म्हणजे दोन काळे ठोकळे, बाबांच्या डब्याच्या पिशवीएवढे. त्यांना स्टुडिओ मॉनिटर म्हणतात. मी नववीत आहे आणि शाळेच्या एकांकिकेचं साउंड माझ्याकडे आहे. कुणी हातात आणून दिलं नाही, भांडून घेतलंय. मागच्या प्रयोगाला मी सगळं इअरफोनवर जुळवलं होतं. मला झकास वाटलं. शाळेच्या हॉलमध्ये लावलं आणि ढोलाखाली एकांकिकेत गाणाऱ्या श्रुतिकाचं अख्खं गाणं गाडलं गेलं. बिचारीला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, ती मध्येच थांबली. बाई म्हणाल्या, आंतरशालेय फेरीत असं चालणार नाही, पुन्हा झालं तर साउंड सर्वेश बघेल. सर्वेशला वायर गुंडाळताही येत नाही. पण तो 'मुलगा' आहे ना, म्हणून त्याला येत असणारच.

तर मला खरं बोलणारं काहीतरी हवं होतं. आणि ते आमच्या मुलुंडच्या हॉलमध्ये मावणारं हवं होतं, जिथे दिवाण बाहेर ओढला की बाल्कनीचं दार उघडत नाही.

मामा आला. चपला काढता काढताच त्याची नजर टेबलावर गेली.

"हे? एवढेसे?"

"खोली पण एवढीशीच आहे, मामा."

"अगं, एवढ्या पैशात माझ्या कराओकेच्या स्पीकरसारखा आला असता. कमरेपर्यंत. खाली चाकं, पुढे लाइट."

"मला काय हळदीला नाचायचंय?"

"गंधाली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. नुसतं नाव. पुढचं मला कळतं.

मामाने दोन्ही स्पीकर उचलले आणि शोकेसवर नेऊन भिंतीला टेकवून ठेवले. आवाज उंचावरून यायला हवा म्हणे. मग मोबाइलवरून त्याचं आवडतं जुनं गाणं लावलं. शोकेस गुरगुरायला लागली.

"बघ, बास तसा बरा आहे," मामा खूश झाला.

"मामा, तो आईचा डिनर सेट आहे." मी शोकेसच्या काचेवर हात दाबून धरला. बास गेला.

बाबा पेपरमागे खोकले. ते हसणं होतं.

मी स्पीकर परत टेबलावर आणले. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, स्पीकरची तोंडं खुर्चीकडे वळवली, कानाच्या उंचीला यावेत म्हणून खाली इतिहास-भूगोलाची पुस्तकं लावली. कोपऱ्यात आणि भिंतीला चिकटून बास उगाच फुगतो, आणि छोट्या खोलीत कोपरा कधीच लांब नसतो. मामाला खुर्चीत बसवलं. त्याने डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं.

"कोरडं वाटतं गं. जीव नाही."

"जेवढं आहे तेवढंच ऐकवतात ते."

"असं कर, माझं लाव. ते ग्रुपवर गाजलेलं. स्वतःच्या आवाजात माणसाला बरोबर कळतं."

ते गाणं मीच रेकॉर्ड केलं होतं, याच हॉलमध्ये, पंखा बंद करून. नंतर त्यावर भरपूर एको टाकून मामाला पाठवलं. देवळात गायल्यासारखा घुमत होता मामा. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं वाहिली. पण लॅपटॉपवर मूळ रेकॉर्डिंगही होतं. एको एका बटणावर होता. ते दाबलं असतं तर मामा तिथल्या तिथे 'हं' म्हणाला असता. आई दारात येऊन उभी राहिली होती आणि डोळ्यांनी मला नेमकं तेच सांगत होती. वर्षापूर्वी मी दाबलंही असतं.

पण मग हे स्पीकर खोटं बोलतात म्हणून घरात राहिले असते. मग श्रुतिकाला मी काय सांगणार होते?

मी एको न टाकता लावलं.

मामाचा आवाज छान आहे, खरंच. पण प्रत्येक ओळीला तो जरासा मागून येत होता, बसमागे धावल्यासारखा. वरचा सूर खालून चाचपत गाठत होता. ओळ संपताना धापही लागत होती. सगळं स्वच्छ, समोर बसून गातोय इतकं. गाणं संपलं. बाबांनी पेपर उलटवला, तोही नीट उलटला नाही.

"हा पीस बिघडलेला आहे," मामा म्हणाला.

"नाहीये."

"मग तू काहीतरी केलंयस."

"काहीच केलं नाही. म्हणून तर असं ऐकू येतंय."

"एको टाक."

"नाही टाकत."

"गंधाली, मामाशी अशी बोलतेस?" आई पुढे आली.

"आई, मी त्याच्याशीच खरं बोलतेय. ग्रुपमध्ये कोण बोलतं? मामा, तू मस्त गातोस, पण उशिरा उचलतोस. एकोमध्ये ते लपतं. मला हे ऐकू यायला हवं. श्रुतिकाची चूक मला स्पर्धेच्या आधी कळायला हवी. हॉलमध्ये सगळ्यांदेखत कळून काय उपयोग?"

मामाचे कान लाल झाले होते. तो आईकडे वळला. "नीला, परत कर हे. आत्ता."

आईने मोबाइल काढला. मी टेबलासमोरून हलले नाही.

"कारण विचारतायत," आई म्हणाली. "वस्तू तुटलेली आहे?"

"नाही," बाबा पेपरमागून म्हणाले.

"दुसरीच वस्तू आली? नाही. वर्णनाप्रमाणे नाही?"

"वर्णनात लिहिलंय, आवाज आहे तसा ऐकवतात," मी म्हणाले.

"आवाजाचा दर्जा वाईट." आई थांबली. "दादा, हे टाकू ना? त्यांना काय कळतंय."

मामाने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. अंगठा बराच वेळ हवेत होता. बँकेत असताना त्याने खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून त्याची बढती अडली होती. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे, कारण तोच दर दिवाळीला सांगतो.

"मला हे आवडले नाहीत," तो शेवटी म्हणाला. "अजिबात नाही. पण दर्जा वाईट आहे असं मी टाकणार नाही."

"मग ठेवायचे का?" आईने विचारलं.

"मला काय विचारतेस? तिला विचार. कान तिचे."

आईने माझ्याकडे पाहिलं. या घरात एखादी वस्तू ठेवायची की नाही हे मला पहिल्यांदाच विचारलं जात होतं.

"ठेवायचे," मी म्हणाले. "आणि टेबल असंच भिंतीपासून लांब राहणार. दिवाण तिकडे सरकवा."

"अगं, मग आल्यागेल्याने बसायचं कुठे?"

"स्वयंपाकघरात."

"कार्टी आहे," मामा म्हणाला. तो अजून रागावलेलाच होता. पण उठला आणि दिवाणाचं एक टोक त्याने धरलं.