बहात्तर किलोची कामिनी

संगणकाच्या पडद्यावर उभी असलेली बाई पाहून कामिनीला आधी हसूच फुटलं. कंबर मनगटाएवढी, पाय थेट बगलेपासून सुरू झालेले, मान बगळ्याची आणि केस मोकळे. कबड्डीत मोकळे केस! जर्सीवर मात्र तिचंच नाव होतं, आणि ते वाचल्यावर तिचं हसू जागच्या जागी जिरलं.

"हे कोन होय गा?" तिने विचारलं.

"तुम्हीच ताई," उन्मेष म्हणाला.

उन्मेष नागपूरच्या एका छोट्या कंपनीत मोबाइलवरचा कबड्डीचा गेम बनवत होता. कामिनी रामटेककडची, शेतकऱ्याची पोर, राज्याच्या संघातून खेळलेली. गेल्या महिन्यात तिला ठिपके लावलेला घट्ट पोशाख घालायला लावून त्याने तिच्या चढाया आणि पकडी कॅमेऱ्यांनी टिपून घेतल्या होत्या, अंगाची मापंही घेतली होती. आज तिने फक्त 'ठीक आहे' म्हणायचं, की तिचं नाव लावून ही बाई घराघरांतल्या मोबाइलवर जाणार होती.

"हिचे आतडे कुठं ठेवले?"

"ताई, गेममध्ये असंच राहते. लोकांना बारीक बाई आवडते, असं आमचे सर म्हणतात."

"आवडू दे ना. पन ही जेवते कुठं? एक भाकर खाल्ली तं बाहेरून गोल दिसंन. आन् काळीज? हिच्या फासळ्यात तं कबुतराचंही मावत नाही."

उन्मेष हसला. कामिनीला हसू येईना. नागपुरातच सक्करदऱ्याच्या मैदानावर ती मुलींना कबड्डी शिकवायची. त्यांतली सगळ्यात चपळ पोर, भैरवी, मांड्या जाड दिसतात म्हणून रात्रीचं जेवण टाळू लागली होती आणि परवा सरावात चक्कर येऊन पडली होती. तिला समजावून समजावून कामिनीचं तोंड दुखलं होतं. आता तीच पोर हा गेम उघडून विचारणार, ताई, मंग तुमी काहून अशा बारीक? नुसत्या विचारानेच कामिनीचं डोकं भणाणलं. तिने खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसली.

"हिचं वजन किती?"

"गेममधल्या माणसाला वजन नसते ताई. पडायचं की उभं राहायचं, ते आम्हीच ठरवतो."

"आमच्यात वजनकाट्यावर चढल्याशिवाय कोनी मैदानात उतरत नाही. पंच उतरूच देत नाही. चाल, घाल हिच्यात माह्यं वजन."

उन्मेषने नाइलाजाने बाहुलीच्या अंगात बहात्तर किलो घातले, तिला आपोआप सावरणारी सोय बंद केली आणि तिला चढाईला पाठवलं. समोरच्या संघातल्या कोणी हात लावायच्या आधीच बाई कमरेत मोडली. डोकं दोन्ही पायांमधून मागे गेलं, मोकळे केस स्वतःच्याच तळव्याखाली सापडले आणि ती तशीच गुंडाळी होऊन मैदानाबाहेर घरंगळत गेली. उन्मेषच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

"पाह्यलं? आता माह्या मापाची टाक."

"सर ओरडतील ताई."

"तुह्या सरले इथं बोलाव, मी सांगते त्यायले. नाहीतर माह्यं नाव काढ. नाव माह्यं आन् कंबर उसनी, असं नाही चालत."

उन्मेषने मान डोलावली आणि तिची खरी मापं घातली. पडद्यावर दुसरीच बाई उभी राहिली. भरलेल्या मांड्या, रुंद खांदे, जर्सी पुढे ताणणारं पोट. चढाईत चौघींनी तिला धरलं. त्या चौघींना अंगावर घेऊन ती सरकत राहिली आणि शेवटी तिचं बोट मध्यरेषेला लागलं. उन्मेषने नकळत टाळी वाजवली.

कामिनी मात्र टी-शर्ट पोटावरून खाली ओढत होती. स्वतःला असं मागून, बाजूने तिने कधी पाहिलंच नव्हतं. एवढी रुंद आहोत आपण? तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच संताप आला.

उन्मेषच्या ते लक्षात आलं. "पोट थोडंसं कमी करू का ताई?" तो हळूच म्हणाला. "कोणाला कळणार नाही."

हो म्हणणं फार सोपं होतं, आणि तिला म्हणावंसंही वाटत होतं. मग तिने ट्रॅकपँट डाव्या गुडघ्याच्या वर सरकवली. तिथे ऑपरेशनचा जाड, वाकडा व्रण होता.

"पोट राहू दे," ती म्हणाली. "आन् हे राह्यलं तुह्याकडून. हेही टाक."