रातांब्याच्या टाकीतला मळका स्पंज

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. भांडी घासायचा नव्हे, बरे का! त्या पिवळ्या-हिरव्या मंडळींशी माझे नाते जोडलेत तर मला राग येईल. मी मूळचा काळा, मुठीएवढा, पोटात आरपार भोक असलेला स्पंज आहे आणि माशाच्या टाकीत राहतो. मला टाकीत येऊन दीड वर्ष झाले. स्पंजाच्या मानाने हे वय बरेच म्हणायचे. माझ्याकडे पाहून तुम्ही नाक मुरडाल, कारण मी तपकिरी, बुळबुळीत आणि मळका आहे. खुशाल मुरडा. पण आधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका भल्यामोठ्या लादीतून पात्याने मला कापून काढले, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले आणि मी कणकवलीच्या एका दुकानात खिळ्याला लटकलो. तेव्हा मी अगदी कोरा होतो. चार महिने मला कोणी हातसुद्धा लावला नाही. येणारी मुले रंगीत खडे घेत, छोटे प्लॅस्टिकचे किल्ले घेत. मी तिथेच धूळ खात असे.

मग दिवाळीनंतर एके दिवशी गौरजा आली. मिठबावची ही मुलगी पाचवीत शिकत होती. तिचे डोळे रडून सुजले होते आणि सोबत तिचे बाबा, विश्वेश, होते. तिने आठ दिवसांपूर्वी याच दुकानातून एक बेट्टा मासा नेला होता. लांब झालरीच्या परांचा, दिसायला राजबिंडा असा हा छोटा मासा असतो. तिने त्याला काचेच्या बरणीत ठेवले, रोज बरणी साबणाने लख्ख धुतली, रोज नवे पाणी भरले. आठव्या दिवशी मासा मेला. आपण एवढी काळजी घेतली तरी तो का मेला, हेच तिला कळत नव्हते.

दुकानदार अजय तिला ओरडला नाही. तो म्हणाला, "बरणीत मासो ऱ्हवत नाय गो. बरणीत लोणचा ऱ्हवता."

मग त्याने वीस लिटरची टाकी काढली, हवा सोडणारा छोटा पंप काढला, नळी काढली आणि खिळ्यावरून मला काढले.

"महिनाभर टाकी अशीच चालव. मासो नको. चिमूटभर खाद्य तेवढा टाकत जा. ह्या स्पंजात आधी जीव येवक होयो."

बाबांनी सगळे घेतले, पण गाडीत बसताना त्यांनी अट घातली. "गौरजा, ह्यो पण मेलो तर टाकी माळ्यार. आणखी जीव घेवचे नाय आपण." गौरजाने मान हलवली. मी तिच्या मांडीवर होतो. तिने मला पाकिटासकट घट्ट धरून ठेवले.

मित्रांनो, तो महिना फार गमतीचा होता. ज्या गावात रोज सकाळी दारावर ताजे बांगडे येतात, त्या गावात एक मुलगी रिकाम्या टाकीसमोर बसून अभ्यास करत होती. ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे दाजी येता-जाता खिडकीतून विचारायचे, "गो, मासो खंय?" गौरजा म्हणायची, "येतलो." दाजी हसत निघून जायचे. माझ्यात काय चालले आहे हे त्यांना दिसत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही आधी समजले नव्हते.

माशाची शी आणि उरलेले खाद्य पाण्यात कुजते. त्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. पाणी स्वच्छ दिसते, वासही येत नाही आणि मासा आतल्या आत भाजत जातो. गौरजाच्या बरणीत हेच झाले होते. थोड्याशा पाण्यात विष एका दिवसातही साठते, त्यात साबणाचा अंशही उरत होता. पण निसर्गाने यावर सोय करून ठेवली आहे. डोळ्यांना न दिसणारे काही जिवाणू हे विष खातात. त्याचे दुसरे विष होते, तर तेही खाणारे दुसरे जिवाणू असतात. शेवटी जे उरते ते फारसे त्रास देत नाही आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की निघून जाते. या जिवाणूंना राहायला जागा लागते आणि सतत हवा लागते. मला हजारो भोके आहेत आणि पंपामुळे माझ्या पोटातून दिवसरात्र पाणी फिरते. ते माझ्याकडे राहायला आले. महिन्याभरात मी तपकिरी झालो, बुळबुळीत झालो आणि पहिल्यांदाच मला आपण कोणीतरी आहोत असे वाटले.

मग मासा आला. पिकलेल्या रातांब्यासारखा, म्हणजे कोकमाच्या फळासारखा लालजांभळा होता, म्हणून गौरजाने त्याचे नाव ठेवले रातांबो. तो टाकीत शिरला आणि पहिल्या दिवशी माझ्याच पाठीवर टेकून झोपला. मला फार आवडला तो.

गौरजाचे वेळापत्रक ठरलेले होते. दिवसाला चार दाणे खाद्य, पाचवा नाही. शुक्रवारी विहिरीचे पाणी बादलीत भरून पडवीत उघडे ठेवायचे. रविवारी टाकीतले पाव हिस्सा पाणी काढायचे आणि बादलीतले तेवढेच भरायचे. काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच मला दोनदा हलके पिळायचे, की झाले. शिवाय अंगणातल्या देशी बदामाचे एक वाळलेले पान टाकीत असे. बेट्ट्याला ते मानवते. त्यामुळे पाणी चहासारखे दिसायचे. नऊ महिने असे सुखात गेले. माझे कौतुक मात्र कोणी केले नाही. पाहुणे यायचे, रातांब्याला "किती सुंदर" म्हणायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून "हे काय घाणेरडे?" असे विचारायचे. वाईट वाटायचे, का नाही वाटणार?

आणि गणेशचतुर्थी आली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी सावित्रीआत्या वेंगुर्ल्याहून मदतीला आली. आत्या म्हणजे विश्वेशची थोरली बहीण. काजूच्या कारखान्यात वीस वर्षे ती काजूगर निवडत आली होती. पांढराशुभ्र वेगळा, किंचित पिवळट वेगळा, डागी वेगळा. तिच्या नजरेतून डाग सुटत नाही, अशी तिची ख्याती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वेश कचेरीत, गौरजाची शिक्षिका आई नम्रता आणि गौरजा शाळेत. घरात आत्या एकटी. तिने जळमटे काढली, फरशी पुसली, समया घासल्या आणि मग ती आमच्यासमोर उभी राहिली.

"अरे देवा! गणपती येतलो, पावणे येतले, आणि ह्या काय? चायच्या रंगाचा पाणी!"

मला बोलता येत असते तर मी ओरडलो असतो. रातांब्याला तिने अगदी मायेने तांब्यात घेतले, हे मी नाकारत नाही. पण मग चहाच्या रंगाचे सगळे पाणी जास्वंदीला गेले. बदामाचे पान कचऱ्यात गेले. टाकी काथ्याने घासली गेली. आणि मला तिने धुण्याच्या दगडावर आपटले, घासले, पिळले, पुन्हा आपटले. नऊ महिन्यांचे माझे भाडेकरू मोरीतून वाहून गेले. उरलेसुरले मरावेत म्हणून की काय, तिने मला उन्हात वाळत ठेवले. दुपारी विहिरीचे ताजे पाणी टाकीत भरले, कारण पडवीतल्या बादलीतल्या पाण्याने तिने फरशी पुसली होती. मला जागेवर बसवले, रातांब्याला सोडले आणि समाधानाने म्हणाली, "आता कसा दिसता!"

टाकी खरोखर सुंदर दिसत होती. आणि रातांबो अर्ध्या तासात पाण्याच्या वर येऊन हवेसाठी तोंड उघडू लागला. त्याचे पर मिटले. रंग उतरला. मग तो कुशीवर कलंडला.

गौरजा शाळेतून आली ती दप्तरासकट टाकीसमोर येऊन थांबली.

"आत्ये, काय केलंस तू ह्या?"

"धुतलंय गो. घाण किती होती!"

"ती घाण नव्हती! माझ्या रातांब्याक मारलंस तू!"

आत्याचा चेहरा पडला. "मी बऱ्यासाठी केलंय गो. माका काय म्हायत," एवढेच ती म्हणाली. मला तिचा संताप आला होता, पण त्या क्षणी तिची कीवही आली. तिने वाईट हेतूने काहीच केले नव्हते.

तेवढ्यात खिडकीत दाजी उभे राहिले. रडणे ऐकून आले होते. त्यांनी विचारले, "पाणी खंयचा भरलास?"

"आपल्याच बावीचा. आत्ताच काढलेला," आत्या म्हणाली.

दाजींनी कपाळाला हात लावला. पावसाळ्यात जंतू मरावेत म्हणून विहिरींमध्ये टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतात, ते काम त्यांचेच. "सकाळीच पावडर टाकलंय मी. माणसांक बरी ती. ह्या एवढ्याशा जीवाक सोसूची नाय. काल काढून ठेवलेला पाणी आसा घरात?"

घरात होते. पाहुण्यांसाठी आत्यानेच आदल्या दिवशी पाणी उकळून, गार करून पिंप भरून ठेवले होते. गौरजा म्हणाली, "ता पावण्यांचा..."

"पावण्यांक परत उकळतंय मी," आत्या म्हणाली. "ह्येका आत्ता होया."

तिने रातांब्याला पिंपातल्या पाण्याने भरलेल्या तांब्यात घेतले, टाकी उपसली आणि पिंपातले पाणी पेल्यापेल्याने, हात उंच धरून ओतले, म्हणजे त्यात हवा मिसळावी. मग तिने रातांब्याला आत सोडले. रातांबो तळाशी गेला आणि तिथेच पडून राहिला. पण त्याचे कल्ले हलत होते.

संध्याकाळी विश्वेश आले. त्यांनी सगळे ऐकले, टाकीकडे पाहिले, मग माळ्याकडे पाहिले. ती अट गौरजाला आठवली आणि मलाही आठवली.

विषारी पावडर तर गेली, पण आता अमोनिया साठणार होता आणि तो खाणारे माझ्याकडे कोणी उरले नव्हते. म्हणजे अगदीच कोणी नाही असे नव्हते. माझ्या पोटात, जिथे नळी बसते, तिथवर आत्याची बोटे पोहोचली नव्हती आणि ऊनही पोहोचले नव्हते. तिथे मूठभर जीव चिकटून राहिले होते. त्यांना वाढायला वेळ हवा होता. रातांब्याकडे तो वेळ आहे का, एवढाच प्रश्न होता.

गौरजाने फोनवर अजयला विचारले. त्याने सांगितले की सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे पाणी बदल, खाद्य अगदी कमी घाल आणि रोज पाणी तपास. तपासायचे म्हणजे काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन त्याने टाकीबरोबर दिलेल्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळे झाले तर चांगले, हिरवे झाले तर अमोनिया आहे. पहिल्या दिवशी हिरवे. दुसऱ्या दिवशी हिरवे. घरात गणपती बसले होते, आरत्या चालू होत्या, मोदकांचा वास येत होता आणि ही मुलगी नळी उजेडात धरून बसलेली. आत्याशी ती बोलत नव्हती. आत्या मात्र न सांगता रोज पाणी उकळून, गार करून, झाकून ठेवत होती.

चौथ्या दिवशी गौरजा नळी धरून रडकुंडीला आली. तिला कालचा आणि आजचा रंग सारखाच दिसत होता. आत्या मागे उभी होती. तिने लांबूनच पाहिले आणि हळूच म्हणाली, "सारखो नाय गो. कालच्यापेक्षा आज किंचित पिवळो आसा."

गौरजाने मागे वळून पाहिले. वीस वर्षे काजूगरांचे रंग निवडलेली नजर ती! गौरजाने नळी तिच्या हातात दिली. "आत्ये, तूच बघ. माका कळणा नाय."

त्या दिवसापासून नळी आत्याकडेच राहिली. पाचव्या दिवशी गणपती गेले, पाहुणे गेले, पण आत्या गेली नाही. तिने रजा वाढवून घेतली. सातव्या दिवशी रातांब्याने एक दाणा खाल्ला, तेव्हा दोघी एकदम ओरडल्या. चौदाव्या दिवशी आत्याने नळी बराच वेळ उजेडात धरली आणि म्हणाली, "पिवळो. निखळ पिवळो." विश्वेश शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "माळ्यार काय जागा नाय गो, सामान भरलाहा." गौरजाने त्यांना मिठी मारली. मी तोवर पुन्हा मळलो होतो. एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

यंदाच्या मे महिन्यात आत्या पुन्हा आली ती कात्री घेऊन. वेंगुर्ल्याच्या घरी ती एकटीच असते. तिनेही आता टाकी घेतली होती आणि महिनाभर थांबायची तिची तयारी नव्हती. अजयनेच तिला सांगितले होते की जुन्या स्पंजाचा तुकडा नव्या टाकीत ठेवला तर त्यातले जिवाणू लगेच कामाला लागतात. गौरजाने मला बाहेर काढले आणि मधोमध कापले. मी घाबरलो होतो, पण दुखले नाही. एक अर्धा रातांब्यापाशी राहिला. दुसरा डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवून, आत्याच्या मांडीवर बसून एसटीने निघाला. तो दुसरा अर्धा म्हणजे मी.

वाटेत शेजारच्या बाईने विचारले, "डब्यात काय गो? मासो?"

"मासो नाय," आत्या डबा घट्ट धरून म्हणाली. "माशाक सांभाळणारो आसा."

मित्रांनो, मला कोणी असे म्हणेल हे मी स्वप्नातही पाहिले नव्हते. डब्यात अंधार होता म्हणून बरे, नाहीतर माझी अवस्था तुम्हाला दिसली असती.

तेव्हा एवढे माझे ऐका. मासा आणाल तर आधी टाकीला तिचा वेळ द्या. खाद्य मोजून घाला. सगळे पाणी एकदम बदलू नका आणि नवे पाणी दोन दिवस उघडे ठेवून मगच ओता. आणि माझ्यासारखा कोणी तिथे बसलेला दिसला, तर त्याला टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळून परत जागेवर ठेवा. काल मी आत्याच्या टाकीत बसलो. उद्या सकाळी तिचा मासा येणार आहे. पण शेजारची रुक्मिणी मघापासून हातात साबण घेऊन दारात उभी आहे. कोणीतरी तिला सांगा हो!