पंख्याकडून चौथा

मित्रांनो, मी एक म्हातारा पिस्टन आहे. माझ्या टाळक्यावर चार हा आकडा कोरलेला आहे. तो माझ्या हुशारीचा क्रमांक नव्हे, माझ्या घराचा आहे. आमच्या घराला बोअर म्हणतात. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये अशी चार गोल घरं असतात. प्रत्येकात एक पिस्टन राहतो आणि मिनिटाला काही हजार वेळा वर-खाली करतो. खिडकी नाही, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायची सोय नाही. तरीही मी सुखात राहिलो. ते सुख मला ज्याने दिलं, त्याच्याबद्दल सांगावं म्हणून हा खटाटोप.

आम्ही चौघे भाऊ एकाच खोक्यातून रत्नागिरीला आलो. साल २०००, महिना जानेवारी. खोक्यावर ‘सर्व नग एकसारखे’ असं छापलं होतं. छापील गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास होता.

सहदेव तांबे मात्र छापलेलं वाचून झाल्यावर मोजणारा माणूस. आठ वर्षं तो लोटे गावच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करत होता. मग कंपनीची बस सोडली, रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला पत्र्याची शेड घातली आणि बोअर घासून मापात आणणारं एक जुनं बोरिंग मशीन आणून बसवलं. मशीन आलं, गिऱ्हाईक आलं नाही. रत्नागिरीत कोणाचंही इंजिन उघडलं की ब्लॉक आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचा. पोट दुखलं तर लोकांना गावातला डॉक्टर चालत असे, ब्लॉकला मात्र कोल्हापूरच लागे. शिमग्यापर्यंत काम मिळालं नाही तर पुन्हा ती बस पकडायची, असं सहदेवने बायकोला, स्वप्नाला, सांगून टाकलं होतं. तिने लगेच त्याचा कारखान्याचा जुना गणवेश धुऊन ठेवला. ते त्याला फार बोचलं.

अशा वेळी मिरकरवाडा बंदरातला मुसा होडेकर आला. लाँचची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि जुन्या पद्मिनी मोटारीला शर्यतीत पळवायचं हे त्याचं वेड. फेब्रुवारीत शहराबाहेरच्या कातळावर गाड्यांची शर्यत होती. गाववाल्यावरच्या प्रेमाने तो आला होता असं समजू नका. कोल्हापूरला तीन आठवड्यांची रांग होती.

मुसाने ब्लॉकबरोबर आम्हालाही गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवून आणलं होतं. सहदेवने हात लावला आणि आज माप घेणार नाही म्हणाला. ऊन खाल्लेला पिस्टन फुगतो आणि खोटं बोलतो. मग आम्ही आणि ब्लॉक एक दिवस एकाच छपराखाली निवांत पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याने शिंप्यासारखी आमच्या कमरेची मापं घेतली. तेव्हा कळलं की एक नंबर सर्वांत सडपातळ आणि मी सर्वांत जाडा. फरक दीड थाउचा. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. केसाहून बारीक, पण इंजिनात तेवढ्यावर भांडण होतं.

दुसरा कोणी असता तर त्याने चारही घरं एकाच मापाची केली असती आणि मला नशिबावर सोडलं असतं. सहदेवने प्रत्येकासाठी वेगळं घर घासलं. शर्यतीचं इंजिन जास्त तापतं, तापलं की पिस्टन फुगतो, म्हणून प्रत्येकाभोवती अडीच थाउची मोकळी जागा ठेवली. जाड्यालाही तेवढीच, सडपातळालाही तेवढीच. मग आकडे कोरले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला कमी करण्याऐवजी माझ्यासाठी भिंत सरकवली होती.

इंजिनाची बांधणी मात्र मुसा स्वतः करणार होता. वीस वर्षं लाँचची इंजिनं बांधलेल्या माणसाला कोण काय शिकवणार? सहदेवने आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि आकडा बघून बसव एवढंच सांगितलं.

मुसाने आकडे बघूनच बसवलं. मी घरात शिरलो आणि माझ्या लक्षात आलं की हे घर माझं नाही. अंग चोरून बसावं लागलं. पलीकडच्या टोकाला एक नंबरवाला भाऊ मोठ्या घरात खडखड वाजत होता. आम्हाला तोंड असतं तर तिथेच बोंब मारली असती. इंजिन जड फिरतंय हे मुसाला कळलं, पण नवं आहे, असणारच, असं म्हणून त्याने चालू केलं. दहाव्या मिनिटाला मी तापलो, फुगलो, भिंतीला घासलो आणि इंजिन जाम झालं.

शर्यतीला चार दिवस होते. मुसा तडक बंदरावर गेला आणि सहदेवने बोरिंगची वाट लावली, असं चहाच्या टपरीवर सांगून आला. तासाभरात ही बातमी मिरजोळ्याला पोचली. कोल्हापूरलाच पाठवायला हवं होतं, असं लोक म्हणू लागले. त्यातल्या निम्म्यांकडे सायकलसुद्धा नव्हती.

सहदेव मुसाच्या अंगणात आला तेव्हा त्याचा चेहरा माझ्यासारखाच ओरखडलेला होता. त्याने इंजिनाचं झाकण उघडलं, पंख्याकडच्या घरात बघितलं आणि माझ्या टाळक्यावरचा आकडा वाचला.

“मुसाभाई, तुमचा एक नंबर कुठला?”

“हा काय, मागचा. फ्लायव्हीलकडचा,” मुसा म्हणाला. “आमच्या लाँचला तिकडूनच मोजतात.”

“मोटारीला पंख्याकडून मोजतात.” म्हणजे मी एक नंबरच्या घरात होतो आणि एक नंबर माझ्या.

मुसाची आई, जन्नतचाची, ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “दोघं शहाणे. एकाने दार सांगितलं नाही, दुसरा मागच्या दाराने शिरला.”

“आकडे घातले, पण बाजू लिहिली नाही. तेवढं माझं चुकलं,” सहदेव म्हणाला.  मुसा हातातल्या पान्याकडे असा बघत होता, की जणू मोजलं ते पान्यानेच.

नवा पिस्टन मागवायला वेळ नव्हता. सहदेवने माझे ओरखडे बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवले. एक नंबरच्या भिंतीला चिकटलेलं माझं ॲल्युमिनियम साफ केलं. पुन्हा सगळी मापं घेतली आणि मला माझ्या घरात सोडलं. मी स्वतःच्या वजनाने अलगद खाली उतरलो. मित्रांनो, ते सुख सांगता येत नाही.

शर्यतीत अकरा गाड्या होत्या. आम्ही तिसरे आलो. पहिले आलो असं सांगायला मला आवडलं असतं, पण बघणारे अजून जिवंत आहेत. बक्षीस देताना आयोजकाने माइकवर कौतुकाने विचारलं, ब्लॉक कोल्हापूरला कोणाकडे केला?

अर्धं बंदर तिथे जमलं होतं. सहदेव गर्दीत मागे उभा होता. मुसाने माइक हातात घेतला.

“कोल्हापूर नाही. सहदेव तांबे, मिरजोळे. मधे इंजिन जाम झालं ते बोरिंगमुळे नाही, मी उलट्या बाजूने मोजलं म्हणून. बंदरावर मी त्याला नावं ठेवली, ती इथे सर्वांसमोर परत घेतो.”

लोक हसले. मुसाचे कान लाल झाले, पण माइक त्याने पूर्ण बोलून झाल्यावरच सोडला. सोमवारी शेडच्या दाराशी दोन ब्लॉक येऊन पडले, शिमग्याआधी आणखी तीन. स्वप्नाने तो गणवेश फाडून त्याच्या तेल पुसायच्या चिंध्या केल्या.

मी सात वर्षं पळालो. पुढे पद्मिनी मोडीत निघाली आणि मी जन्नतचाचीच्या अंगणात आलो. सोललेल्या कोलंबीचे सोडे वाळत घातले की वरचं फडकं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर मी बसतो. कावळे मला ओळखतात. पावसाळ्यात कोणी आत घ्यायला विसरतं, तेव्हा थोडं वाईट वाटतं. म्हणून एकच मागणं: जुन्या वस्तूला कोरडी जागा द्या, आणि काम बिघडलं तर टपरीवर जाण्याआधी एकदा झाकण उघडून बघा.

बाकी माझी तक्रार नाही. जाड्याला त्याच्या मापाचं घर मिळालं. एवढं कितीजणांना मिळतं?